गुडघेबदलानंतरचं दुखणं आणि बधिरतेची इंजेक्शनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघेबदलाचं ऑपरेशन ठरलं की इम्प्लांटबद्दलचे प्रश्न सर्जनकडे जातात आणि आम्हा भूलतज्ज्ञांकडे एकच येतो: "फार दुखेल का?" बाकीचे प्रश्न ऑपरेशननंतर येतात, बरेचदा रात्री, आणि बहुतेक वेळा पेशंटच्या मुलामुलींकडून, सुनांकडून. ते इथे एकत्र केले आहेत. औषधांची नावं आणि मात्रा दिल्या आहेत त्या समजून घेण्यासाठी. तुमच्या पेशंटचं वजन, वय, इतर आजार बघून त्यांचे डॉक्टर जे ठरवतील तेच धरून चाला.

१. ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन होणार आहे. मग गुडघ्यासाठी आणखी वेगळं इंजेक्शन कशाला?

कमरेतलं इंजेक्शन, म्हणजे स्पायनल, ऑपरेशन पार पाडण्यापुरतं असतं. कमरेखालचा सगळा भाग बधीर होतो, पाय हलवता येत नाहीत, आणि साधारण दोन ते चार तासांत ते उतरतं. ऑपरेशनलाच दीड-दोन तास जातात. म्हणजे पेशंट वॉर्डात येऊन स्थिरावतो न स्थिरावतो तोच पायाला जाग येऊ लागते. हाडाची टोकं कापलेली असतात, सांध्याभोवतीचं आवरण ताणलेलं असतं, काही ठिकाणी मांडीला रक्त थांबवणारा पट्टा आवळलेला असतो. पहिले दोन दिवस हे सगळं सर्वात जास्त दुखतं, आणि नेमकं त्याच दिवसांत पेशंटला उभं करायचं असतं.

फक्त मॉर्फिनसारख्या औषधांवर हे दुखणं भागवायचं म्हटलं तर मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठता आणि वयस्कर माणसाला रात्री भ्रम होणं, हे सगळं सोबत येतं. गुडघ्यापुरती बधिरता दिली की ती औषधं कमी लागतात आणि माणूस भानावर राहतो.

२. हे इंजेक्शन नेमकं कुठे देतात?

एकाच जागी नाही. तीन जागा नेहमीच्या आहेत, आणि कोणत्या वापरायच्या हे हॉस्पिटलप्रमाणे बदलतं.

पहिली, खुद्द गुडघ्यात. हे सर्जन ऑपरेशन चालू असतानाच देतात. जुना सांधा काढल्यावर आणि नवा बसवण्याआधी गुडघ्याच्या मागच्या आवरणात, मग नवा बसल्यावर दोन्ही बाजूंना आणि शेवटी त्वचेखाली, असं थोडं थोडं औषध भरत जातात. सिडनीच्या डेनिस केर आणि लॉरेन्स कोहान यांनी ३२५ पेशंटचा अनुभव २००८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली.

दुसरी, मांडीच्या आतल्या बाजूला, मध्यावर. हा अॅडक्टर कॅनाल ब्लॉक (ब्लॉक म्हणजे ठरावीक नस बधीर करणारं इंजेक्शन), आणि तो आम्ही देतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर मांडीतली मोठी रक्तवाहिनी धडधडताना दिसते, तिच्यावर होडीच्या आकाराचा एक स्नायू असतो, आणि त्या दोघांमध्ये गुडघ्याकडे जाणारी नस. सुई पांढऱ्या रेषेसारखी आत सरकताना दिसते. औषध सोडलं की नसेभोवती काळा डाग पसरतो. तो डाग योग्य जागी पसरला की काम झालं. बहुतेक वेळा हे स्पायनलचा परिणाम असतानाच देतात, त्यामुळे टोचलेलं कळतही नाही.

तिसरी, लवणीत, म्हणजे गुडघ्याच्या मागे, रक्तवाहिनी आणि सांध्याचं आवरण यांच्यामध्ये. मांडीतल्या ब्लॉकनं गुडघ्याची पुढची आणि आतली बाजू शांत होते, पण मागची होत नाही. "पुढे काही नाही, पण लवणीत कळ येतेय" ही तक्रार म्हणूनच येते. सर्जननी मागच्या आवरणात औषध नीट भरलं असेल तर हे तिसरं इंजेक्शन दरवेळी लागतंच असं नाही.

वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून गुडघेबदलासाठी ज्या शिफारशी केल्या आहेत, त्यांत पहिली आणि दुसरी जागा एकत्र वापरावी असं सांगितलं आहे. माझंही मत तेच.

३. औषध कोणतं असतं? दाताच्या डॉक्टरांकडे देतात तेच का?

त्याच घराण्यातलं, पण जास्त वेळ टिकणारं. दातासाठी बहुधा लिग्नोकेन वापरतात, त्याचा परिणाम काही तासांत जातो. गुडघ्यासाठी बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन. ही औषधं नसेतून दुखण्याचा संदेश पुढे जाऊच देत नाहीत. गुडघ्यात भरण्याच्या मिश्रणात बरेचदा अॅड्रेनालिन असतं, त्यामुळे औषध रक्तात हळूहळू जातं, आणि काही वेळा सूज कमी करणारं कीटोरोलॅकही असतं.

मात्रा वजनावर ठरते. रोपिव्हाकेन साधारण एका किलोला ३ मिलिग्रॅम, बुपिव्हाकेन २ मिलिग्रॅम, अशी मर्यादा धरतात. परदेशी लेखांमधली रोपिव्हाकेनची ३०० मिलिग्रॅमची मात्रा ५५ किलोच्या आजींना जशीच्या तशी देऊन चालत नाही. म्हणून ऑपरेशनआधी वजन खरंखुरं करा, अंदाजानं सांगू नका.

४. परिणाम किती वेळ राहतो?

मांडीतला एका वेळचा ब्लॉक साधारण १२ ते २४ तास. गुडघ्यात भरलेलं औषध थोडं कमी-जास्त. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड शिरेतून दिलं तर काही तास वाढतात. नळी ठेवून औषध चालू ठेवलं तर दोन-तीन दिवस (प्रश्न १३ पाहा). लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म थैल्यांमध्ये, भरलेलं बुपिव्हाकेन ७२ तास टिकतं अशी त्याची जाहिरात असते. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली, पण साध्या बुपिव्हाकेनशी तुलना केल्यावर गुडघेबदलात त्याचा ठळक फायदा सातत्यानं दिसलेला नाही. ते मिळालं नाही म्हणून हळहळू नका.

५. म्हणजे दुखणारच नाही ना?

दुखेल. कमी दुखेल. तुम्हाला कुणी 'शून्य दुखणं' सांगितलं असेल तर पहिल्या रात्री तुमची फसगत झाल्यासारखी वाटेल, म्हणून हे आधीच सांगतो. आमचा हिशोब असा असतो: पेशंटला सलग काही तास झोप लागावी, वॉकर धरून चार पावलं टाकता यावीत, फिजिओनं गुडघा वाकवताना दात-ओठ खाऊन का होईना पण वाकवून घेता यावा. एवढं जमत असेल तर दुखणं आटोक्यात आहे. निपचित पडल्यावर काही नाही पण हलवलं की किंचाळायला होतं, असं असेल तर नाही, आणि ते नर्सला लगेच सांगायचं. सोसत राहण्यात काही मोठेपणा नाही. जो गुडघा दुखण्याच्या भीतीनं पहिल्या आठवड्यात वाकला नाही, तो पुढे वाकवणं फार जड जातं.

६. दिवसभर आई छान हसत-बोलत होती. पहाटे तीनला अचानक असह्य ठणका लागला. ऑपरेशनमध्ये काही चुकलं का?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हा, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक वेळा काहीही चुकलेलं नसतं. ब्लॉक उतरला, एवढंच. दुपारी १२ ला दिलेला ब्लॉक मध्यरात्रीनंतर कधीही उतरू शकतो. तोपर्यंत गुडघ्यातली सूज आपल्या गतीनं वाढतच असते, फक्त जाणवत नसते. बधिरता गेली की सगळं एकदम जाणवतं. उतरण्याच्या वेळी अंगात दुसरं कुठलंच दुखण्याचं औषध नसेल तर तो ठणका आटोक्यात यायला एक-दोन तास जातात, आणि ते तास पेशंट आणि घरचे दोघांनाही विसरता येत नाहीत.

असं व्हायचं कारण बरेचदा मायेचं असतं. रात्री दहाची गोळी द्यायची असते, पेशंट शांत झोपलेला असतो, आणि सोबत राहिलेलं माणूस म्हणतं, "आत्ता कुठे डोळा लागलाय, कशाला उठवू?" उठवा. दुखत नसलं तरी उठवून गोळी द्या. बधिरता उतरेल तेव्हा ती गोळी रक्तात असायला हवी. दुखायला लागल्यावर घेतलेली गोळी लागू पडायला अर्धा-पाऊण तास तरी घेते.

ब्लॉक उतरतोय हे ओळखायची सोपी खूण आहे. त्याच पायाच्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर, ओला कापूस टेकवा. ब्लॉक चालू असेपर्यंत तिथे गार लागत नाही. गार लागायला लागलं, मुंग्या यायला लागल्या, की पुढचा डोस लांबवू नका आणि नर्सला सांगा. रात्री दहाच्या फेरीला ही चाचणी केली तर पहाटे तीनचा प्रसंग बहुधा टळतो.

७. पाय बधीरच आहे तर गोळ्या कशाला? आणि इतक्या प्रकारच्या का?

वेळ का महत्त्वाची ते प्रश्न ६ मध्ये आलं. प्रकारांबद्दल: पॅरासिटामॉल हा पाया. त्यासोबत इटोरिकॉक्सिब किंवा सेलेकॉक्सिबसारखं सूज उतरवणारं औषध, किडनी आणि हृदय धड असेल तर. तरीही कमी पडलं तरच ट्रॅमाडॉलसारखं जोरदार औषध, थोड्या दिवसांसाठी. प्रत्येकाची कामाची जागा वेगळी असल्यानं प्रत्येकाची मात्रा कमी ठेवता येते.

एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्या जोडगोळ्या असतात. ट्रॅमाडॉलच्या गोळीत पॅरासिटामॉल, अॅसिक्लोफेनॅकच्या गोळीत पॅरासिटामॉल, आणि वर ताप आला म्हणून घरातली ६५० ची वेगळी. पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल ४ ग्रॅम, आणि ५० किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा लिव्हर नाजूक असलेल्या माणसाला त्याहून कमी. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचून बेरीज करा.

प्रीगॅबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध काही ठिकाणी सर्रास देतात. वयस्कर पेशंटला त्यानं झोप आणि चक्कर येते, आणि वर प्रश्न २ मध्ये उल्लेख केलेल्या शिफारशींमध्ये ते नाही. दिलं असेल आणि आजी-आजोबा झिंगल्यासारखे वाटत असतील तर डॉक्टरांना विचारा.

८. बधीर पायावर उभं राहायचं कसं? पडले तर?

मांडीतल्या अॅडक्टर कॅनाल ब्लॉकचा फायदाच हा की जांघेतल्या जुन्या फेमोरल ब्लॉकइतकी मांडीची ताकद जात नाही. फेमोरल ब्लॉकमध्ये गुडघा पेशंटच्या नकळत मुडपायचा आणि माणूस कोसळायचा. पण 'इतकी जात नाही' म्हणजे 'मुळीच जात नाही' असं नाही. औषध वर सरकलं तर मांडी थोडी ढिली पडते.

त्यामुळे पहिल्यांदा उभं राहताना फिजिओ किंवा नर्स हवीच. त्याआधी पलंगावर पाय सरळ ठेवून टाच उचलून बघायची. उचलली आणि धरून ठेवता आली तर पुढे. पडण्याचे प्रसंग बहुतेक रात्री बाथरूमला जाताना होतात, कारण "कुणाला त्रास नको" म्हणून पेशंट एकटा उठतो. बेल हातापाशी ठेवा आणि त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

९. बाबांचं पाऊल वर उचललं जात नाहीये, अंगठाही हलत नाही. हे इंजेक्शनमुळे का?

असू शकतं. लवणीतलं किंवा मागच्या आवरणातलं औषध शेजारच्या मोठ्या नसेपर्यंत झिरपलं तर पाऊल तात्पुरतं लुळं पडतं. ब्लॉक उतरला की, बहुधा २४ तासांत, परत येतं.

पण तसं गृहीत धरून गप्प बसू नका. खूप वाकडा गुडघा सरळ केल्यावर तीच नस ताणली जाऊ शकते, घट्ट बँडेजनं दबू शकते, क्वचित पायात रक्त साचून दाब वाढू शकतो. सर्जनला त्याच वेळी कळवायचं, रात्र असली तरी. ते बँडेज सैल करतील, गुडघा थोडा वाकवून ठेवतील आणि पायाची नाडी बघतील. पोटरी दगडासारखी कडक लागत असेल आणि औषधं देऊनही दुखणं वाढतच असेल तर एक मिनिटही थांबायचं नाही.

१०. दोन्ही गुडघे एकदम करणार आहेत. दोन्हीकडे पूर्ण डोस देतात का?

नाही. प्रश्न ३ मधली मर्यादा एका पायाची नसून अख्ख्या शरीराची आहे. ५५ किलोच्या पेशंटला बुपिव्हाकेन साधारण ११० मिलिग्रॅम. ०.२५ टक्क्यांचं (एका मिलिलिटरमध्ये २.५ मिलिग्रॅम) केलं तर ४४ मिलिलिटर, म्हणजे प्रत्येक पायाला २२, आणि त्यातच मांडी, गुडघा, लवण सगळं भागवायचं. म्हणून दोन्ही गुडघ्यांच्या पेशंटला एका गुडघ्याच्या पेशंटपेक्षा जास्त दुखतं. दुसऱ्याचा अनुभव ऐकून तुलना करू नका. काही ठिकाणी अशा वेळी पाठीत एपिड्युरलची बारीक नळी ठेवतात. ती असेल तर रक्त पातळ करणारं इंजेक्शन आणि नळी काढण्याची वेळ यांत ठरावीक अंतर लागतं, त्यामुळे ती कुणीही मनानं काढायची नसते.

११. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. ब्लॉक देता येतो?

बरेचदा येतो. मांडीतला ब्लॉक वरवरच्या जागी असतो, रक्त आलंच तर बाहेरून दाबता येतं. अडचण असते ती स्पायनलची, कारण मणक्याच्या आत रक्त साचलं तर बाहेरून दाबता येत नाही. क्लोपिडोग्रेल स्पायनलआधी साधारण ५ ते ७ दिवस थांबवावं लागतं. नुसती अॅस्पिरिन बहुधा थांबवावी लागत नाही. पण हृदयात स्टेंट असेल तर गोळी कधी, किती दिवस थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही डोस चुकवू नका. ऑपरेशन पुढे ढकललं तरी चालेल.

१२. डायबेटिस आहे. काही वेगळं होतं का?

तीन गोष्टी. डेक्सामेथासोन दिलं तर दिवसभर, कधी दुसऱ्या दिवशीही साखर चढलेली दिसेल. घाबरू नका, पण तपासत राहा. पायाच्या नसा आधीच अधू असतील तर ब्लॉक जास्त वेळ टिकू शकतो, म्हणून आधीपासून तळपायाला मुंग्या-बधिरपणा असेल तर तो ऑपरेशनच्या आधीच सांगा. आणि टाच. बधीर पायाची टाच गादीवर तासन् तास टेकून राहिली की कातडीला फोड येतो, आणि डायबेटिसमध्ये तो फोड महिनाभर पुरतो. घोट्याखाली मऊ घडी घालून टाच अधांतरी ठेवा.

१३. नळी आणि पंप लावलाय. बाजूनं पाणी झिरपतंय, काढू का?

काढू नका. थोडं औषध बाजूनं झिरपणं नेहमीचं आहे. नर्स वरची पट्टी बदलेल. दुखणं अचानक वाढलं तर नळी सरकली असेल, तेव्हा सांगा. जागा लाल झाली, पू दिसला, ताप आला, तर लगेच सांगा.

१४. हे औषध अंगात भिनून जिवाला धोका होतो, असं वाचलं. खरं आहे?

औषध चुकून थेट रक्तवाहिनीत गेलं किंवा मात्रा जास्त झाली तर होऊ शकतो. क्वचित होतं. ओठांभोवती मुंग्या, तोंडाला धातूसारखी चव, कानात गुणगुण, विनाकारण अस्वस्थपणा, ही पहिली लक्षणं. पुढे झटके आणि हृदयाची गती बिघडणं. बहुतेक वेळा इंजेक्शननंतर काही मिनिटांतच दिसतं, पण गुडघ्यात भरलेलं औषध उशिराही रक्तात चढू शकतं. यावर २० टक्के लिपिड इमल्शन हे दुधासारखं पांढरं औषध शिरेतून देतात. माणसावर ते यशस्वी झाल्याचं पहिल्यांदा २००६ मध्ये नोंदवलं गेलं, आणि आता जिथे ब्लॉक देतात तिथे ते हाताशी असायलाच हवं. "तुमच्याकडे लिपिड असतं का?" हा प्रश्न ऑपरेशनआधी बिनदिक्कत विचारा. चांगल्या भूलतज्ज्ञाला त्याचा राग येणार नाही.

१५. दाताच्या इंजेक्शननं आईला धडधडून चक्कर आली होती. तिला ऍलर्जी आहे ना?

बहुधा नाही. या घराण्यातल्या औषधांची खरी ऍलर्जी फार दुर्मीळ आहे. धडधड अॅड्रेनालिनमुळे होते, चक्कर भीतीमुळेही येते. पण अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते, दम लागला होता, असं काही असेल तर तेवढंच नेमकं लिहून आणा. "ऍलर्जी आहे" एवढंच सांगितलं तर चांगला उपाय हातचा जातो.

१६. बर्फ लावायचा की शेक?

बर्फ, कापडात गुंडाळून, १५-२० मिनिटं. गुडघा बधीर असताना मात्र कातडीला गारठा कळत नाही, तेव्हा घड्याळ लावा आणि मध्येच कातडी बघा. गरम पाण्याची पिशवी बधीर पायाला अजिबात नको, भाजल्याचं फोड आल्यावरच कळतं. दंडावर ब्युप्रेनॉर्फिन या दुखण्यावरच्या औषधाची पट्टी असेल तर तिच्यावरही शेक नको, त्यानं औषध जास्त वेगानं अंगात जातं.

१७. दोन महिने झाले, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा अजून बधीर आहे. इंजेक्शनचा परिणाम राहिला का?

नाही, ब्लॉकचा परिणाम इतका टिकत नाही. गुडघ्यावरचा उभा छेद घेताना आतून बाहेर जाणारी कातडीची एक बारीक नस कापली जाते. जवळजवळ प्रत्येक पेशंटला थोडीफार अशी जागा राहते. वर्षभरात ती आक्रसते, कधी कायम राहते. चालण्याला त्याची अडचण नसते. बधिरपणा वरून खाली पसरत असेल किंवा पायाची ताकद कमी होत असेल तर वेगळं, ते दाखवा.

१८. तीन महिने झाले तरी दुखतं. जवळचे डॉक्टर म्हणतात गुडघ्यात एक इंजेक्शन देऊ. घेऊ का?

ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना विचारल्याशिवाय नाही. कृत्रिम सांध्यात सुई घालणं म्हणजे जंतूंना वाट करून देणं, आणि धातूवर बसलेला जंतुसंसर्ग नुसत्या गोळ्यांनी जात नाही. सांधा पुन्हा उघडावा लागू शकतो. शिवाय अशा दुखण्याचं कारण आधी शोधायचं असतं. ताप, जखमेतून पाणी, गुडघा गरम आणि लाल, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, यांत संसर्ग तपासतात. पोटरी सुजून दुखत असेल तर रक्ताची गुठळी आहे का हे त्याच दिवशी बघायला हवं, आणि सोबत दम लागत असेल तर थेट इमर्जन्सीत. यातलं काहीच नसेल आणि दुखणं जिना उतरताना, रात्री कूस बदलताना एवढंच असेल, तर तीन महिन्यांना ते अजून नेहमीच्या मर्यादेत धरतात. फिजिओ चालू ठेवा, आणि पुढच्या तपासणीला दुखण्याची वेळ आणि नेमकी जागा लिहून न्या.